मॉनिटरच्या काचेआड किडा शिरला तर: बोट लावण्याआधी वाचावे

बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरात माझे डीटीपीचे (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचे) छोटे दुकान आहे आणि लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, हळदीकुंकवाची कार्डे अशी कामे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तिथे होतात. काही वर्षांपूर्वी एका पत्रिकेचे प्रूफ वाचत असताना ‘आमचे येथे’ या शब्दांतल्या ‘चे’च्या डोक्यावर मला एक अनुस्वार दिसला. मी तो खोडला, पण तो गेला नाही. मग सबंध शब्दच काढून टाकला, तरी टिंब कोऱ्या पांढऱ्या जागेवर जिथल्या तिथे. शेजारी बसलेले वधूचे आजोबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे की, आमच्या येळंला असंच लिवीत हुते.” १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकलेला अनुस्वार परत आल्याचे त्यांना समाधान वाटले असावे. तेवढ्यात ते टिंब जागचे हलले आणि डावीकडच्या समासाकडे चालू लागले.

मी ते अंगठ्याने दाबले. एवढी एकच चूक त्या दिवशी झाली आणि तिची खूण पुढे तीन वर्षे त्या पडद्यावर राहिली. हा लेख त्या अंगठ्यासाठी आहे, कारण दरवर्षी पावसाळ्यात आणि पुन्हा मिरची वाळू लागली की कोणी ना कोणी हीच तक्रार घेऊन दुकानात येते आणि बहुतेक जण दाबून झाल्यानंतरच येतात.

(कन्नड मजकुरात हा घोटाळा होत नाही. तिथे अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी पोकळ गोलासारखा बसतो, त्यामुळे आगंतुक टिंब लगेच ओळखू येते.)

आधी किडाच आहे ना, हे पाहा

पडद्यावर काळा ठिपका दिसण्याची कारणे तीन-चार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सर्वांत आधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून तिथे उघडावा. ठिपका मोबाइलवरही दिसला, तर तो मजकुरात किंवा चित्रातच आहे. तिथे दिसला नाही, तर तो मॉनिटरमध्ये किंवा मॉनिटरवर आहे. बाहेरून बसलेला डाग ओल्या मऊ कापडाच्या हलक्या स्पर्शाने निघतो. डेड पिक्सेल, म्हणजे पडद्याचा बंद पडलेला एखादा बिंदू, असेल तर ठिपका अगदी बारीक, चौकोनी आणि कायम एकाच जागी असतो. साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाय, मिशा किंवा लांबट आकार त्याला असूच शकत नाही. किड्याचा आकार लांबट आणि कडा किंचित धूसर असते. शिवाय मान डावीकडे-उजवीकडे केली की तो मागच्या अक्षरांच्या तुलनेत थोडा सरकल्यासारखा वाटतो, कारण तो अक्षरांच्या पातळीच्या मागे असतो. तो चालत असेल तर यातले काहीच तपासण्याची गरज नाही.

आमच्या भागात आत शिरणारा किडा बहुधा फुलकिडा असतो. मिरचीवर बोकड्या, म्हणजे पाने आकसवणारा रोग, पडतो तेव्हा शेतकरी ज्याच्या नावाने बोटे मोडतो, तोच हा. संकेश्वरी मिरचीची रोपे लावली जातात त्या हिरण्यकेशीकाठच्या शिवारात तो भरपूर असतो आणि कांद्यावरही असतो. त्याची लांबी फार तर एक-दीड मिलिमीटर, रुंदी त्याच्याही निम्म्याहून कितीतरी कमी आणि पंख झालरीसारखे. उडण्यात तो कच्चाच. पण वाऱ्याबरोबर लांबवर येतो आणि ज्या फटीत सुईचे टोक जेमतेम जाईल तिथे सहज शिरतो. पीक वाळत आले, की त्याला शेत सोडून दुसरीकडे जावे लागते, म्हणून आमच्याकडे ही तक्रार पावसाळ्यापुरती राहत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला चित्र वेगळे आहे. मलप्रभेचा उगम होतो त्या कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतीदेखील घामेजतात आणि तिथल्या एका ओळखीच्या दुकानातल्या मॉनिटरमध्ये मी जे पाहिले, ते फिकट पांढरे, बिनपंखाचे, एक मिलिमीटरच्या आसपासचे किडे होते. हे किडे ओलसर कागदावर येणारी बुरशी खातात. जुन्या फायलींचे गठ्ठे मॉनिटरला टेकवून ठेवले, तर ते कागदावरून थेट मॉनिटरच्या मागच्या फटींत चढतात. येळ्ळूर किंवा शहापूरच्या भाताच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास दिव्यावर झडणारे हिरवे तुडतुडे मात्र त्या मानाने मोठे असतात. ते काचेवर आपटतात, कळफलकात पडतात, पण आत सहसा शिरत नाहीत.

तो आत जातो कसा आणि नेमका कुठे अडकतो

हे समजले की निम्मे उपाय आपोआप बाद होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एलसीडी मॉनिटरच्या पुढच्या बाजूला जी काच आपण पाहतो, ती प्रत्यक्षात दोन पातळ काचांची जोडी असते आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा ३ ते ५ मायक्रोमीटरचा थर चहूबाजूंनी डिंकासारख्या पदार्थाने बंद केलेला असतो. तिथे किडाच काय, हवेचा बुडबुडाही जात नाही. किडा जातो तो या जोडीच्या मागे. तिथे खालच्या किंवा बाजूच्या कडेला एलईडीची पट्टी असते, तिचा उजेड सबंध पडद्यावर पसरवणारी ॲक्रिलिकची जाड पाटी असते आणि त्या पाटीच्या पुढे दुधी कागदासारखी डिफ्यूजर शीट आणि बारीक रेघांच्या प्रिझम शीट्स अशा तीन-चार पातळ पत्र्या एकावर एक ठेवलेल्या असतात. त्या चिकटवलेल्या नसतात. मॉनिटर तापल्यावर प्लॅस्टिक फुगते आणि घट्ट बसवलेली शीट सुरकुतते, म्हणून ती चौकटीत मुद्दाम किंचित सैल ठेवतात. हीच सैल जागा किड्याला पुरते. मागच्या कव्हरची भोके हवा खेळण्यासाठी असतात; किडा तिथून आत येतो आणि जिकडून सर्वांत जास्त उजेड झिरपतो त्या फटीकडे चढत जातो.

दिसणाऱ्या सावलीवरून तो कोणत्या थरात आहे याचा साधारण अंदाज बांधता येतो. सावली स्पष्ट, पाय मोजता येतील इतकी असेल, तर किडा सर्वांत पुढच्या शीटच्याही पुढे, काचेच्या अगदी मागे आहे. सावली पसरट आणि धुरकट असेल, तर तो डिफ्यूजरच्या मागे आहे.

आता दाबल्यावर काय होते, ते सांगतो. पॅनेलची प्रत्येक काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळे अंगठ्याच्या दाबाने ती आत लवते आणि मागच्या शीटला टेकते. किडा या दोहोंमध्ये चिरडतो, त्याच्या अंगातला ओलावा शीटवर पसरतो आणि वाळल्यावर तो जणू डिंकाने चिकटवल्यासारखा तिथेच बसतो. जिवंत किडा बाहेर जाऊ शकतो, कोरडा मेलेला किडा खाली पडू शकतो. चिरडलेला किडा मॉनिटर खोलल्याशिवाय निघत नाही. एवढे एक वाक्य लक्षात राहिले, तरी पुरे.

किडा जिवंत असेल तर

मॉनिटर बंद करा आणि प्लग काढा. बटण दाबून स्टँडबायवर ठेवणेही चालते, पण प्लग काढलेला बरा, कारण नंतर मागच्या बाजूला हात लावावा लागतो. खोलीतले सर्व दिवे मालवा, खिडक्यांचे पडदे ओढा आणि मॉनिटरच्या मागे, भोकांपासून वीतभर अंतरावर पांढऱ्या उजेडाचा टेबल लॅम्प लावून ठेवा. किडा उजेडासाठी आत आला होता. आतला उजेड गेला आणि बाहेरचा एकच उरला, की तो ज्या फटीने आला त्या फटीकडे वळण्याची शक्यता वाढते. हे काम दहा मिनिटांचे नाही. रात्री दुकान बंद करताना ही मांडणी करून जावे आणि सकाळी पाहावे. दिव्याची बाजू निवडताना किडा शेवटचा कुठे दिसला ते ध्यानात घ्यावे. तो वरच्या कडेजवळ असेल, तर दिवा वरच्या भोकांच्या रोखाने ठेवावा. माझ्याकडे हा उपाय काही वेळा पहिल्या रात्रीत लागू पडला, काही वेळा दुसरी रात्र लागली आणि एकदा किडा आतच मेला.

मिरचीवाल्या शेतकऱ्यांकडे निळे चिकट सापळे असतात. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो, म्हणून ते निळे, आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे. त्यातला तळहाताएवढा निळा तुकडा कापून मी लॅम्पच्या उजेडात, मॉनिटरच्या मागे टांगतो. बाहेर पडलेला किडा पुन्हा आत जात नाही आणि सकाळी तो बाहेर पडला की नाही याचा पुरावाही मिळतो.

पडद्यावर सगळीकडे काळा रंग लावून कोपऱ्यात फक्त एक पांढरी पट्टी दाखवावी, म्हणजे किडा तिकडे जाईल, अशी एक युक्ती बरेच जण सांगतात. मीही एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. ऐकायला ती पटते, पण वर सांगितलेली रचना पाहिली की तिच्यातला दोष कळतो. साध्या मॉनिटरमध्ये चित्र काळे असले, तरी मागची एलईडी पट्टी पूर्ण जळतच असते. काळेपणा फक्त पुढच्या काचेत, उजेड अडवून तयार होतो. किडा त्या काचेच्या मागे आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळीकडे लख्ख दिवसच असतो. माउसचा बाण त्याच्याभोवती फिरवणे हेही त्याच कारणाने व्यर्थ. सेटिंगमधून ब्राइटनेस कमी केला, तर मात्र आतला उजेड खरोखर कमी होतो, म्हणून ज्याला काम थांबवणे शक्य नाही त्याने ब्राइटनेस शून्याजवळ आणून मागे लॅम्प लावून पाहावा.

मेला असेल तर

घाई करू नये. दोन-चार दिवसांत तो पूर्ण वाळतो आणि पुष्कळदा आपणहून खाली घसरतो. नाही घसरला, तर मॉनिटर बंद करून, प्लग काढून, सरळ उभा असतानाच त्याच्या मागच्या कव्हरवर, ठिपक्याच्या साधारण पाठीमागे, बोटांच्या टोकांनी हलके टिचक्या मारल्यासारखे थोपटावे. याहून चांगला परिणाम थरथरीने होतो. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून, त्यावर सतत रिंग वाजेल अशी व्यवस्था करून, तो पुढच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला किंवा मागच्या कव्हरला टेकवून धरावा. दाढीचा ट्रिमर, पाते काढून, त्याच कामाला येतो. काचेला मात्र काहीही टेकवायचे नाही. पाच-सात मिनिटे थरथर दिली की मॉनिटर चालू करून पाहावे. ठिपका नखाएवढा जरी खाली आला असला, तरी काम होत आहे असे समजावे आणि तेच पुन्हा करावे. तो खालच्या चौकटीआड गेला की पडद्यावरून नाहीसा होतो. तो आतच राहतो हे खरे, पण तिथे त्याचा काही उपद्रव नाही.

ब्लोअरचा मोह टाळावा. आमच्या भागात सीपीयू साफ करायला प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे ब्लोअर असतो आणि ‘मागनं एक फुंकर मारू’ असे तो सहज म्हणतो. त्या फुंकरीने किडा हलेल की नाही सांगता येत नाही, मात्र कव्हरमधली सगळी धूळ शीट्सच्या फटीत जाऊन बसते आणि एका ठिपक्याच्या जागी पंधरा ठिपके होतात. कीटकनाशकाचा फवारा त्याहून वाईट. त्यातले द्रावक प्लॅस्टिक आणि पडद्याचा लेप खराब करते, आत विजेची पट्टी असते आणि किडा मेलाच, तर तो ओला होऊन चिकटून मरतो.

खोलण्याविषयी

किडा चिरडला गेला असेल आणि रोजच्या कामात तो ठिपका सहनच होत नसेल, तर खोलण्याला पर्याय नाही. पण आधी वॉरंटीचा कागद पाहावा. किड्यांमुळे झालेला बिघाड अनेकदा वॉरंटीतून वगळलेला असतो आणि आपण स्वतः खोलल्यास उरलेली वॉरंटीही जाते. माझा मॉनिटर मी ज्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने पॅनेल बदलावे लागेल असे सांगितले आणि सांगितलेली रक्कम नव्या मॉनिटरच्या इतकी जवळ होती की मी तो तसाच परत आणला. किडा काढण्यासाठी पॅनेल बदलण्याचे काही कारण नसते. शीट्स उचलून पुसता येतात, पण ते काम वेळखाऊ आणि नाजूक आहे, म्हणून पुष्कळ जण टाळतात. ‘शीट उघडून साफ करून देता का?’ असा थेट प्रश्न विचारावा.

स्वतः खोलणाऱ्यासाठी तीनच गोष्टी सांगतो. पॅनेलच्या कडेला ज्या पातळ तपकिरी रिबन चिकटवलेल्या असतात, त्यांतली एक जरी चिरली, तरी पडद्यावर उभी रेघ कायमची येते आणि ती किड्यापेक्षा शतपट त्रासदायक असते. काच उचलताना त्या बाजूला अजिबात ताण येऊ देऊ नये. शीट्स कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसल्या आहेत, याचे प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढावे, कारण प्रिझम शीट उलटी बसली तर उजेड पिसाटल्यासारखा दिसतो. शीटला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण बोटाचा ठसा किड्याहून मोठा असतो. जुन्या, बारीक ट्यूबच्या बॅकलाइटचा मॉनिटर असेल, तर तो घरी खोलूच नये. त्या ट्यूबमध्ये पारा असतो आणि तिला पुरवठा करणाऱ्या पट्टीवर शेकडो व्होल्टचा दाब असतो. लॅपटॉपचे पॅनेलही घरी खोलण्याच्या लायकीचे नसते.

पुन्हा येऊ नये म्हणून

माझ्या दुकानात किडे शिरण्याची वेळ जवळजवळ ठरलेली होती आणि ती लक्षात यायला मला दोन हंगाम लागले. संध्याकाळी वीज जाते, ट्यूबलाइट मालवते आणि यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर चालू राहतो. गावाच्या कडेला शेत, उघडी खिडकी आणि अंधारात एकच पांढरा चौकोन. त्या दहा-पंधरा मिनिटांत परिसरातला प्रत्येक फुलकिडा त्या चौकोनाकडे आला नाही तरच नवल. मी इन्व्हर्टरवर एक एलईडी बल्ब जोडला आणि तो टेबलापासून दूर, दाराबाहेर टांगला. वीज गेली की मॉनिटर बंद आणि बाहेरचा बल्ब चालू, एवढाच नियम केला. त्यानंतर किडे आत येणे पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही, पण त्या बल्बखाली सकाळी जो थर साचलेला असतो, तो पाहिला की ते कुठे गेले असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

खिडकीला डासांची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तिच्या छिद्रातून फुलकिडा सहज येतो. पॉलीहाऊसला लावतात ती ४० किंवा ५० मेशची (इंचाला तेवढी छिद्रे असलेली) दाट जाळी बरीच उपयोगी पडते, मात्र तिने वाराही कमी येतो आणि मे महिन्यात ते सोसवत नाही. म्हणून मी ती फक्त शेताकडच्या एकाच खिडकीला लावली आहे. बाकीच्या खिडक्या दिवे लागणीपासून तासभर बंद ठेवतो. मॉनिटरच्या भोकांवर चिकटपट्टी लावण्याचा सल्लाही मिळतो, पण तो ऐकू नये, उष्णता कोंडून मॉनिटरचे आयुष्य कमी होते. रात्री मॉनिटर थंड झाल्यावर त्यावर सुती कापडाची पिशवी उलटी घालावी. खानापूरकडच्या दमट भागात मॉनिटरभोवतीचे जुने कागद हलवणे हाच मुख्य उपाय आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला नंतर कळली. खालच्या चौकटीआड पाडलेला किडा तिथे नुसता पडलेला असतो, चिकटलेला नसतो. दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवले, तेव्हा दुसरा मॉनिटर मी रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा, काच वर करून ठेवला होता. नव्या जागेत तो चालू केला, तर महिन्यापूर्वी मोबाइलची थरथर देऊन खाली उतरवलेला किडा पुन्हा पडद्याच्या मधोमध, बरोबर ‘श्री गणेश प्रसन्न’च्या खाली येऊन बसलेला होता. मॉनिटर नेताना उभाच न्यावा, आणि ज्या बाजूने तो टेबलावर उभा असतो तीच बाजू खाली ठेवावी.